मारका

मंगळवार, 30 जुलै 2024. सकाळी सव्वासातला फोन वाजला तेव्हा मी हॉटेलच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होतो. पलीकडे आमच्या क्लबचे असिस्टंट जनरल मॅनेजर होते.

"रविवारी रात्रीची नोंद तुझी आहे ना? पोरानं खरंच हात उचलला का?"

मी मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या, एका क्लबकडे डेटा ॲनालिस्ट आहे. क्लबचं नाव इथं लिहिणार नाही, आणि या हकिकतीतल्या कुणाचंच नाही. त्या हंगामात माझी नेमणूक आमच्या ट्रिपल-ए संघाबरोबर होती. ट्रिपल-ए ही मेजर लीगच्या दाराबाहेरची शेवटची पायरी. तिथं एकाच खोलीत दोन तऱ्हेची माणसं कपडे बदलतात. एक, विशीतली पोरं, ज्यांना पहिल्यांदा वर जायचंय. दुसरे तिशी ओलांडलेले, जे वर जाऊन आलेत आणि ज्यांना अजून एकदाच जायचंय. पहिल्यांचा पगार तेव्हा वर्षाला 36 हजार डॉलरच्या आसपास. वर गेलं की किमान पगारच 2024 मध्ये 7 लाख 40 हजार डॉलर, म्हणजे हंगामातल्या एका दिवसाला जवळपास 4 हजार. या दोन आकड्यांमधलं अंतर त्या खोलीत प्रत्येकाच्या डोक्यात चोवीस तास असतं. तिथली भांडणं समजून घ्यायची तर आधी हे ध्यानात घ्यावं लागतं.

आणि त्या मंगळवारी संध्याकाळी सहाला ट्रेडची मुदत संपत होती. दरवर्षी जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला असा एक दिवस येतो. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत महत्त्वाचे खेळाडू क्लबांमध्ये अदलाबदल करता येत नाहीत.

आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, तेव्हा 21 वर्षांचा होता. फोनवर विचारलं तो पोरगा हाच. डोमिनिकन रिपब्लिकचा. सोळाव्या वर्षी करार झालेला, तिथल्या आमच्या अकादमीत वाढलेला. त्याची किंमत काढायचं काम माझ्याकडे होतं. मराठी वाचकाला हे जरा विचित्र वाटेल, म्हणून थोडं सांगतो. मेजर लीगमध्ये पोहोचलेला खेळाडू सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत क्लबच्या ताब्यात असतो. पहिली साधारण तीन वर्षं पगार क्लब ठरवेल तेवढा, किमान वेतनाच्या आसपास. पुढची तीन लवादाच्या आधारानं वाढत जाणारा. सेवेचं एक वर्ष म्हणजे 172 दिवस, आणि हे दिवस दोन्ही बाजू अगदी काटेकोरपणे मोजतात. आम्ही अंदाज बांधतो की या सहा वर्षांत हा पोरगा संघाला किती विजय जादा देईल. दहा धावांची कमाई किंवा बचत म्हणजे ढोबळमानानं एक विजय. एका विजयाचा बाजारभाव 80 ते 90 लाख डॉलर धरतात, क्लबागणिक थोडा इकडेतिकडे. त्यातून त्याला द्यावा लागणारा पगार वजा केला की जे उरतं ती त्याची ट्रेड व्हॅल्यू. कोवळ्या, अजून वर न खेळलेल्या पोराची किंमत तीस वर्षांच्या नामांकित खेळाडूपेक्षा जास्त निघते ती यामुळे.

या हिशेबात शेवटी एक रकाना असतो. स्काउटांच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांच्या, बोलीत त्याला 'मेकअप' म्हणतात. स्वभाव, शिस्त, सोबत्यांशी वागणूक. बाकी सगळं कॅमेरे मोजतात. हा रकाना माणूस भरतो. रविवारी रात्री तो मी भरला होता.

रविवारचा सामना आमच्या घरच्या मैदानावर, दुपारचा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, 33 वर्षांचा. वर तीन वेगवेगळ्या क्लबांकडून खेळलेला, खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड वर्ष खाली अडकलेला. मोठ्या संघात बुधवारी एका पिचरची जागा रिकामी होणार अशी कुजबुज होती, आणि त्यानं पाच डाव एकही धाव दिली नव्हती. सहाव्या डावात दोन बाद, दोन धावपटू बेसवर. डावखुरा फलंदाज. त्यानं कशीबशी बॅट लावून चेंडू डावीकडे ढकलला. जिथं शॉर्टस्टॉप एरवी उभा असतो बरोबर तिथून तो घरंगळत बाहेर गेला. आमचा शॉर्टस्टॉप दुसऱ्या बेसच्या जवळ उभा होता. दोन धावा. पुढच्याच चेंडूवर होमरन. पिचर बाहेर.

सामना संपल्यावर मी क्लबहाऊसच्या, म्हणजे संघाच्या कपडे बदलायच्या खोलीच्या, दारात पोहोचलो तेव्हा आत आरडाओरडा चालू होता. मला दिसलं ते एवढंच: पोरानं दोन्ही हातांनी पिचरच्या छातीवर ढकललं, पिचर मागच्या खुर्चीवर आदळला, खुर्चीसकट खाली गेला. चार जण मध्ये पडले. जमिनीवर भात आणि काळ्या वालाची उसळ सांडलेली. पोरगा स्पॅनिशमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. माझं स्पॅनिश मोडकंतोडकं, ते मला कळलं नाही.

रात्री अकरा वाजता मी नोंद लिहिली. चार ओळी. 'सामन्यानंतर वरिष्ठ सहकाऱ्यावर शारीरिक हल्ला. चुकीची जबाबदारी घेण्याऐवजी आक्रमक प्रतिक्रिया.' दुसरं वाक्य मी पाहिलेलं नव्हतं. ते मी गृहीत धरलं, कारण पहिल्याला ते शोभून दिसत होतं. रकान्याचा रंग हिरव्याचा पिवळा केला आणि झोपलो.

माझे आजोबा शेतकरी होते, जळगाव जिल्ह्यात. पोळ्यानंतर एकदा त्यांना बैल विकायचा होता, मी नऊ-दहा वर्षांचा, बरोबर गेलो होतो. बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. दात पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात. मग कुणीतरी विचारतं, "मारका तर नाही ना?" आमच्या बैलानं त्या दिवशी एका माणसाला शिंगानं ढोसलं होतं. वेसणीनं नाकपुडी सोलवटली होती आणि त्या माणसानं नेमकी तीच ओढली, हे आजोबा ज्याला त्याला सांगत राहिले. कुणी ऐकून घेतलं नाही. बैल मारका ठरला, दोन बाजार परत आणावा लागला, पडत्या भावानं गेला. माणसाची तुलना जनावराशी करणं मला पटत नाही, आणि बेसबॉलमधल्या लोकांनी खेळाडूंविषयी तसं बोललेलं मला आजही सहन होत नाही. पण सोमवारी विमानात मला आजोबाच आठवत होते.

सोमवारी ट्रिपल-एला सुटी असते, पुढच्या गावी जायचा दिवस. विमानात मी सामन्याचं चित्रण उघडलं. तो चेंडू टाकण्याआधी पोरगा मागच्या खिशातून कार्ड काढतो, बघतो, तीन पावलं दुसऱ्या बेसकडे सरकतो. पुन्हा बघतो, अजून एक पाऊल.

ते कार्ड माझं होतं. प्रत्येक फलंदाजासाठी कुठं उभं राहायचं ते मी छापून देतो. 2023 पासून दुसऱ्या बेसच्या प्रत्येक बाजूला दोन क्षेत्ररक्षक ठेवणं मेजर लीगनं सक्तीचं केलं आहे आणि चौघांचेही पाय मागच्या गवताच्या आत पाहिजेत. त्यामुळे डावखुऱ्यासमोर शॉर्टस्टॉपला नियमाच्या काठावर, दुसऱ्या बेसला जवळजवळ चिकटून उभं करावं लागतं. त्या फलंदाजाचे जमिनीवरचे दहापैकी आठ चेंडू उजवीकडे जायचे. रविवारचा उरलेल्या दोनांतला होता.

पोरानं कार्ड पाळलं. पिचरला वाटलं पोरगा झोपला होता. माझा लॅपटॉप त्याच वेळी बंद करून मी पुढे मॅनेजरच्या, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाच्या, सीटपाशी जायला हवं होतं. मी गेलो नाही. उद्या मैदानावर शांतपणे सांगू, म्हटलं. एक अख्खा दिवस मी तो पिवळा रंग तसाच राहू दिला, आणि तो दिवस कोणता होता हे मला पक्कं माहीत होतं.

म्हणून मंगळवारी सकाळी फोनवर मी सगळं सांगितलं. ढकललं ते खरं, मारलं नाही. त्याआधी काय झालं ते मी पाहिलं नव्हतं. आणि उभा तो माझ्या कार्डाप्रमाणे होता.

"हे नोंदीत नाही."

"नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ज्यांच्याशी पोराच्या ट्रेडचं बोलणं चाललंय त्या क्लबला भांडणाचं काल रात्रीच कळलंय. पोराचा भाव उतरवून ते आता त्याच्याबरोबर आपला एकोणीस वर्षांचा पिचरही मागतायत."

त्यांना कसं कळलं, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. या धंद्यात प्रत्येक खोलीतल्या प्रत्येकाचा जुना सोबती दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत असतो.

दुपारी बैठक झाली, आम्ही काही जण फोनवरून. एका ज्येष्ठ सल्लागारांनी 2011 सालचं उदाहरण काढलं. सेंट लुईस कार्डिनल्सनी 24 वर्षांच्या कोल्बी रॅस्मसला जुलैअखेर टोरांटोला देऊन टाकलं. मॅनेजर टोनी ला रुसा यांच्याशी त्याचं पटत नव्हतं, हे उभ्या लीगला ठाऊक होतं. बदल्यात एडविन जॅक्सन आणि बुलपेनसाठी, म्हणजे सामन्यात मागाहून येणाऱ्या पिचरांच्या ताफ्यासाठी, ऑक्टाव्हियो डोटेल, मार्क झेपचिन्स्की आले, आणि त्याच ऑक्टोबरात कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकले. मग दुसऱ्यांनी डेलमन यंगचं नाव घेतलं. 2003 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, सगळ्यात आधी निवडलेला खेळाडू. 2006 मध्ये ट्रिपल-एतच अंपायरच्या दिशेनं बॅट भिरकावल्याबद्दल 50 सामन्यांची बंदी. 2007 अखेर टॅम्पा बेनं त्याला मिनेसोटाला दिलं, मॅट गार्झा आणि जेसन बार्टलेट आणले. 66 सामने जिंकणारा तो संघ पुढच्या वर्षी 97 जिंकून वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला.

ही दोन उदाहरणं अशा प्रत्येक बैठकीत निघतात. ती खरी आहेत. पण ती आठवतात कारण पुढे संघ जिंकला. टॅम्पाला गार्झाचा हात आणि बार्टलेटचं क्षेत्ररक्षण मिळालं, ते जिंकण्याचं मोठं कारण होतं. खोलीतून एक माणूस गेला म्हणून किती सामने जिंकले, हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. मी तसं बोललो. कार्डाचंही पुन्हा सांगितलं. कुणी वाद घातला नाही. एकजण म्हणाले, "तुझं खरं असेल, पण बाजारात आता तो असाच आहे."

साडेतीनला मी मैदानावर मॅनेजरना गाठलं. साठीकडे झुकलेला माणूस, आयुष्य बसमध्ये आणि डगआऊटमध्ये गेलेलं. त्यांनी दोघांनाही दंड केला होता. मी कार्डाचं सांगितल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले.

"मी त्याला रविवारीच विचारलं, तिथं का उभा होतास. 'माझी चूक' एवढंच म्हणाला. तुझं नाव काढलं नाही."

"आणि आधी काय झालं होतं?"

"पिचरनं त्याच्या हातातली ताटली उडवली. आईवरून बोलला. मग ढकललं."

पोरगा पुन्हा पुन्हा म्हणत असलेलं वाक्य काय होतं, तेही त्यांनीच सांगितलं. 'माझ्या आईला मध्ये आणू नकोस.'

पाच वाजून चाळीस मिनिटांनी सौदा झाला. आम्ही एकोणीस वर्षांचा पिचर दिला नाही. त्याऐवजी आम्हाला हवा होता त्याहून कमी करार उरलेला पिचर घेतला. फलंदाजीचा सराव चालू होता. मॅनेजरनी पोराला पिंजऱ्यातून बाहेर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, आणि सगळ्या मैदानाला समजलं. एकेक जण येऊन त्याला मिठी मारत होता. रविवारचा पिचर आऊटफिल्डमध्ये धावत होता, तो धावतच राहिला.

मी क्लबहाऊसमध्ये गेलो. पोरगा बॅग भरत होता. मला तो 'प्रोफे' म्हणायचा, म्हणजे गुरुजी. मी माझ्या तुटक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की कार्डाचं मी सगळ्यांना सांगितलंय, पण उशिरा सांगितलं, आणि मी नोंदीत जे लिहिलं ते चुकीचं होतं. माफी मागितली. त्याला नोंदीचं काही माहीतच नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं,

"प्रोफे, कार्ड चुकीचं होतं?"

"नाही. कार्ड बरोबर होतं. चेंडू तिकडे गेला."

त्यानं मान हलवली. "मग उद्याही मी तिथंच उभा राहीन," म्हणाला आणि आईला व्हिडिओ कॉल लावायला बाहेर गेला.

त्या रात्री मी सिस्टीम उघडली. त्यात जुनी नोंद खोडता येत नाही, खाली नवी जोडता येते. मी काय पाहिलं, काय पाहिलं नव्हतं, कार्ड कुणाचं होतं, ताटली कुणी उडवली, जबाबदारी कुणी स्वतःवर घेतली, सगळं लिहिलं. दीड पान झालं. रकाना परत हिरवा केला.

ट्रेडमध्ये खेळाडूचे वैद्यकीय कागद दुसऱ्या क्लबला देतात. या नोंदी देत नाहीत, त्या आपल्याच घरात राहतात. रविवारची गोष्ट पोराच्या आधी त्याच्या नव्या क्लबात पोहोचली होती. माझं दीड पान आमच्याकडे आहे, आता आमच्या नसलेल्या एका खेळाडूच्या फाइलमध्ये. शेवटची नोंद कुणी, कधी वाचली ते सिस्टीम दाखवते. मी मधूनमधून बघतो. तिथं एकच नाव आहे, माझं.