तलाव मे महिन्यात बघा

"सिस्टर, तुम्ही म्हणे तलावाकाठी जागा घेतली. आम्हालाही रिटायर झाल्यावर पाण्याजवळ राहायचंय. जागा घेताना काय बघायचं?" वॉर्डातल्या मैत्रिणी विचारतात, ह्यांचे एसटीतले सोबती विचारतात, परवा तर एका पेशंटच्या मुलाने डिस्चार्जचे कागद हातात असताना विचारलं. उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

आधी एक खरं सांगून टाकते. आमची जागा काठावर नाही. ओट्यावर बसलं तर पाणी दिसत नाही, पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध दिसतो. पाच मिनिटं चालून पाळीवर चढलं की मग पाणी. शोधायला निघाले तेव्हा मलाही अगदी उशाशी पाणी हवं होतं. चार वर्षं हिंडल्यावर ते मागणं गळून पडलं.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे गावागणिक तलाव, आणि लहान असेल तर बोडी. बाहेरून येणाऱ्याला वाटतं निसर्गानेच दिलेत. तसं नाही. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, असं सांगतात. कोहळी समाजाच्या लोकांनी उतार ओळखून, मातीच्या पाळी घालून हे तलाव बांधले. नवेगाव बांधचा एवढा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लोकांनी त्यांना देव मानून कोलासूर नाव दिलं. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. बोलताना सगळे मामा तलाव म्हणतात.

हा इतिहास जागा घेणाऱ्याला कशाला, असं वाटेल. पण तलाव कुणी कशासाठी बांधला हे कळलं की कुठली जागा घ्यायची नाही तेही कळतं. हा तलाव धानासाठी बांधलाय. तिन्ही बाजूंनी उंचवटा, चौथ्या सखल बाजूला पाळ. पाळीखाली ओलिताच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. पाळीच्या समोरची बाजू, जिथून ओढे येतात, ती उथळ. तिथे पाणी पसरतं आणि ओसरतं. विकायला येणारा "वॉटर टच" प्लॉट बहुतेक वेळा याच उथळ बाजूचा असतो.

आम्हाला पहिला प्लॉट दाखवला तो तसाच. फेब्रुवारी महिना, हिरवंगार सपाट गवत, पलीकडे पाणी, पाण्यात अडई बदकांचा थवा. मी मनातल्या मनात स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा ठरवून टाकली. दलाल गाडीकडे गेला तेव्हा म्हशी चारणारा एक म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, "बाई, सावनात माह्या म्हशी पोहतेत इथं." आम्ही इसार थांबवला. ऑगस्टमध्ये मुद्दाम परत गेलो. जिथे मी खिडकी ठरवली होती तिथे कमरेएवढं पाणी होतं. तलावाच्या बुडीत क्षेत्रात कुणीतरी हळूहळू बांध्या पाडल्या होत्या आणि तीच अतिक्रमणातली जमीन आमच्या गळ्यात पडणार होती.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे. जागा दोनदा बघा, एकदा ऑगस्टअखेर आणि एकदा मेच्या शेवटी. ऑगस्टमध्ये पाणी कुठवर येतं ते कळतं. मेमध्ये तलाव खरा कसा आहे ते कळतं. तळाला भेगा पडलेल्या असतात, मधे थोडं पाणी, त्यात गुरं, आणि वाऱ्याला चिखलाचा वास. तो तलाव बघूनही तुम्हाला तिथे राहावंसं वाटलं तर पुढे जा. पाऊस ताणला की पाणी धानाला सोडतात, सोडायलाच ते साठवलंय. आपल्या खिडकीतून पाणी दिसावं म्हणून कुणाची बांधी वाळू द्यायची नाही. शहरातून आलेल्या माणसांनी पाणी सोडण्यावरून, मासे पकडण्यावरून, पोळ्याला बैल धुण्यावरून गावाशी भांडण काढलेलं मी पाहिलंय. फार वाईट वाटतं. ज्यांनी तीनशे वर्षं तलाव राखला, त्यांनाच आपण काठावरून हटवायला निघतो.

गावाचे हे हक्क नुसते तोंडी नाहीत. विदर्भात प्रत्येक गावाचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतं. गुरांना पाणी, वहिवाटीचा रस्ता, मासे, ओलीत, कुणाला काय मुभा आहे ते त्यात लिहिलेलं असतं. तलाठ्याकडे सातबारा सगळेच मागतात. हे दोन कागदही मागा. आमच्या यादीतली एक जागा निस्तारपत्रकामुळेच बाद झाली. ती झुडपी जंगल म्हणून नोंदलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये झुडपी जंगलाची जमीन ही वनजमीनच आहे असा निकाल दिला, त्यामुळे आता तिथे कुणाच्या गोड बोलण्याला भुलू नये.

सातबाऱ्यावर भोगवटदार वर्ग २ दिसलं की थांबा, परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. जमीन आदिवासी कुटुंबाची असेल तर बिनआदिवासी माणसाला सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ती घेता येत नाही. तशी वाट काढून देतो म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. कायद्याच्या भीतीने नव्हे, त्या माणसाकडे तेवढीच जमीन असते म्हणून. आणि आपण शेतकरी नसू तर विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याने शेतजमीन आपल्या नावावर सहज होतच नाही. आमचे हे शेतकरी कुटुंबातले नाहीत, माझं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर कधी चढलं नाही. म्हणून शेवटी आम्ही आबादीतली जागा घेतली, पडकं कौलारू घर आणि मागे थोडी परसबाग. गावठाणाला आमच्याकडे आबादी म्हणतात. तिथे शेतकरी असण्याची अट नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा पाहिला, स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेली होती, ती मिळकत पत्रिका पाहिली, शेजाऱ्यांना उभं करून हद्दी दाखवून घेतल्या.

आबादीत घेण्याचं दुसरं कारण माझ्या नोकरीतलं आहे, आणि माझ्या मते तेच मोठं.

पावसाळ्यात पहाटे पहाटे आमच्याकडे पेशंट येतो. पोटात दुखतंय म्हणतो, पापण्या जड झालेल्या असतात. जमिनीवर झोपला होता एवढंच नातेवाइकांना माहीत. अंगावर खूण शोधून सापडत नाही. ही मण्यार. ती रात्री चावते, आग नाही, सूज नाही, आणि काही तासांत श्वास बंद पडू लागतो. सर्पविषावरचं औषध आणि व्हेंटिलेटर वेळेत मिळालं की माणूस चालत घरी जातो. असे किती जण मी स्वतः दारापर्यंत सोडलेत. वेळेत मिळालं नाही तर काय होतं तेही बघितलंय. पाणी, धान, बेडूक, उंदीर आहेत तिथे साप असणारच, तो त्याच्या जागी राहतो. प्रश्न आपला आहे. रात्री दोन वाजता हाक मारली तर ओ देणारं घर किती अंतरावर? १०८ ची गाडी जुलैच्या चिखलात दारापर्यंत येईल का? जवळच्या ग्रामीण रुग्णालयात औषध असतं का, आणि तिथून पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी किती वेळ? नकाशावरचं अंतर धरू नका. मी जुलैत, रात्री, पावसात ह्यांना गाडी चालवायला लावली आणि घड्याळ बघितलं. एका फार सुंदर जागेला एक तास चाळीस मिनिटं लागली. ती सोडली. आत्ताच्या जागेवरून पंचवीस मिनिटांत रुग्णालय आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला की सरळ भंडारा, नागपूर.

आज आपण साठीचे आहोत, पण घर ऐंशीच्या आपल्यासाठी बांधायचंय. म्हणून एकच मजला, उंबरे नाहीत, संडास झोपण्याच्या खोलीला लागून, कमोडशेजारी धरायला दांडा. खुब्याचं हाड मोडून येणाऱ्या आज्या बहुतेक रात्री संडासला उठलेल्या असतात. विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, चंद्रपूरकडे काही गावांत फ्लोराइड निघतं. पाण्याच्या कडेला डास असतात, तेव्हा खिडक्यांना जाळ्या लावा. त्यावर जास्त लिहीत नाही.

तलाव चांगला की मरतोय, हे मात्र जरा वेळ देऊन बघा. बेशरम नावाच्या रानटी झुडपाने काठ भरलेला असेल, गाळ साचून पाणी गुडघ्याएवढं उरलं असेल आणि गावात कुणाला त्याचं काही वाटत नसेल, तर दहा वर्षांनी तिथे डबकं असेल. भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढीवर समाजाच्या बायाबापड्यांनी एकत्र येऊन बेशरम उपटली, तळात पाणवनस्पती लावल्या, आणि हरवलेले गावठी मासे परत आले. आमच्या गावात हे काम सुरू झालंय. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी वीसेक बाया चिखलात उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "येता का पाण्यात?" मी साडी खोचून उतरले. ह्यांनी पाळीवरूनच सांगितलं, हेच गाव. नंतर मेमध्ये गेलो, ऑगस्टमध्ये गेलो, कागद पाहिले, सगळं केलं; पण ठरलं त्या दिवशी.

परवाच्या नोव्हेंबरमध्ये पलीकडच्या बांधीत सारसाची जोडी उतरली होती, बरोबर एक पिल्लू. रस्त्यावरचे सगळे सायकली थांबवून उभे. गोंदियाकडे शेतकरी सारसाचं घरटं दिसलं तर तेवढं धान न कापता सोडतात, हे मी ऐकून होते. त्या दिवशी तशी सोडलेली बांधी डोळ्यांनी बघितली.

माझी नोकरी अजून अकरा महिने आहे. भिंती उभ्या झाल्यात, कौलं चढायचीत. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना सांगते, येत्या मेमध्ये या. पाणी कमी असेल, तेच बघायला या. रात्री अंगणात खाटा टाकू, आणि प्रत्येकाची मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलीय का, ते मी स्वतः बघेन.