तुम्ही विचारलंत म्हणून: गवई सारखे हातवारे का करतात?

ख्याल सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच गवई डोळे उघडतो, साउंडच्या टेबलाकडे बघतो आणि बोट वर करतो. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मध्यंतरात कोणीतरी येऊन विचारतंच, ‘संध्याकाळी साउंड चेक केलात ना? मग हे काय? आम्हाला तर छान ऐकू येतंय.’

छान येतंय, कारण ते बोट तुमच्या आवाजासाठी नसतंच. गवयाच्या पुढ्यात जमिनीवर तिरका ठेवलेला स्पीकर म्हणजे मॉनिटर. त्यातलं मिश्रण हॉलपेक्षा वेगळं असतं. मिक्सरवरून ते ऑक्सने, म्हणजे वेगळ्या वाटेने, जातं, आणि तो ऑक्स प्री-फेडर हवा, म्हणजे फेडरच्या (हॉलचा आवाज वरखाली करणाऱ्या सरकत्या बटणाच्या) आधीच फुटणारा. मग हॉलसाठी फेडर कितीही वरखाली केला तरी मॉनिटर जागचा हलत नाही. घाईत पोस्ट-फेडर (फेडरच्या नंतर फुटणारा) राहिला, तर हॉलमध्ये गळा वाढवला की मॉनिटरही वाढतो आणि तार षड्जावर शिट्टी (मॉनिटरचा आवाज परत माइकात शिरून होणारा फीडबॅक) ठरलेली.

चेक पाचला, कार्यक्रम सातला. मधे हॉल भरतो, एसी लागतो, तबला पुन्हा मिळवला जातो. पण खरी गोम ही की चेकला भरल्या गळ्याने कोणी गात नाही आणि कोणी रंगात येऊन हलतही नाही. तेव्हा माइकपासून १० सेंटिमीटरवर असलेलं तोंड विलंबितात रमल्यावर २० वर जातं. अंतर दुप्पट झालं की माइकात ६ डेसिबल कमी पोचतात. गवयाला वाटतं, कोणीतरी मॉनिटर खाली केला.

मग वाढवून टाका की! तिथेच अडतं. गवयाचा एक माइक, तबला-डग्ग्याला दोन, पेटीला एक, तानपुऱ्यांना दोन, मागे गाणाऱ्या शिष्यांना दोन, असे आठ माइक उघडे असतात. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी हाताशी असलेली जागा ३ डेसिबलने घटते. एकावरून आठवर गेलात की ९ डेसिबल गेले. म्हणून जो शिष्य अर्ध्या तासात दोनदा तोंड उघडतो, त्याचा माइक एरवी खालीच हवा.

दुसरी जागा माइकच्या कोनात सापडते. एसएम ५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक शेपटीकडून बहिरा असतो, म्हणून शेपटी खाली, थेट मॉनिटरकडे. बीटा ५८ए हा सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचंही आणखी अरुंद पट्ट्यातलं ऐकणारा. तो शेपटीकडून थोडं ऐकतो आणि त्याची बहिरी बाजू तोंडापासून सुमारे १२० अंशांवर असते. त्याला मॉनिटर नाकासमोर नको, डाव्या-उजव्या कोपऱ्यात हवा. ‘भारीतला’ म्हणून माइक बदलायचा आणि मॉनिटर मात्र तिथेच ठेवायचा, ही नेहमीची चूक.

तर बोट वर गेलं की हात आपोआप गवयाच्या नॉबकडे जातो. तो आवरायचा. आधी मॉनिटरमधली पेटी ३ डेसिबल खाली घ्या. पेटी गवयाच्या बाजूलाच वाजत असते, तिचा आवाज नेमका गळ्याच्या पट्टीत पडतो आणि गळा झाकतो. दहापैकी सहा-सात वेळा तेवढ्यावर भागतं. गवई मान डोलावतो, त्याला वाटतं आवाज वाढला. (काहीजण नुसता नॉबला हात लावून दाखवतात आणि तरीही मान डोलते. करू नये. तिसऱ्यांदा बोट वर गेलं की फजिती होते.)

उरलेल्या वेळी मागणी असते तानपुऱ्याची, आणि ती सगळ्यात अवघड. तानपुरा मुळात हळू, म्हणून माइकचा गेन (मिक्सरमध्ये येतानाच आवाज वाढवण्याचं प्रमाण) जास्त. त्यात मॉनिटरचा आवाज भोपळ्यात शिरतो, तारा त्याला साथ देतात, ती साथ पुन्हा माइकात. शिट्टी नव्हे, खालून ‘घूं’ उठतं. माइक घोडीपासून १०-१५ सेंटिमीटरवर आणायचा, गेन त्या मानाने उतरवायचा, आणि घुमणारा सूर ग्राफिकवर (प्रत्येक पट्ट्यातला आवाज वेगळा कमी-जास्त करणारा इक्वलायझर) शोधून ३ डेसिबल कापायचा. एकूण चार-पाच पट्ट्यांच्या पुढे कापाकापी गेली की आवाज पोकळ होतो. मोबाइलवरचा तानपुरा डीआय बॉक्समधून (माइकशिवाय, थेट तारेने मिक्सरला जोडणारी डबी) घेतला तर हा त्रासच नाही. फक्त फोन फ्लाइट मोडवर टाकलाय ना, ते स्वतः बघा. मारव्यात रिंगटोन वाजली तर तो दोष साउंडवाल्याच्याच नावावर जमा होतो.

मध्यंतरानंतर सगळं पुन्हा. काळी एकच्या गवयाच्या (म्हणजे पेटीच्या त्या काळ्या पट्टीवर ज्याचा षड्ज आहे त्याच्या) तानपुऱ्यात जोडाच्या, म्हणजे षड्जाला मिळवलेल्या मधल्या, तारा साधारण १३९ हर्ट्झला लागलेल्या असतात, म्हणून काप १२५-१६० च्या आसपास बसलेला असतो. पुढच्या बाई काळी चारच्या निघाल्या की जोड २०८ ला जातो. जुना काप आता फुकट आवाज खातो आणि घूं २०० वर उठतं. पट्टी विचारायची, जुना काप शून्यावर आणायचा, नवा शोधायचा. निदान पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात निवेदक माइकवर येतो आणि कलाकाराचा परिचय वाचू लागतो. परिचय लांबला की प्रेक्षक चुळबुळतात. साउंडच्या टेबलावर मात्र त्या वेळी कोणाचीच तक्रार नसते.