नामपट्टीची शेवटची ओळ : पॅरिसमधील आधुनिक चित्रकलेच्या संग्रहालयांचा प्रवास

आधुनिक चित्रकला पाहण्यासाठी पॅरिसला जाण्याचा बेत असेल, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. पॉम्पिदू केंद्र सप्टेंबर २०२५पासून नूतनीकरणासाठी बंद झाले असून ते २०३०मध्ये उघडण्याचे नियोजन आहे. विसाव्या शतकातील कलेचा फ्रान्सचा राष्ट्रीय संग्रह याच वास्तूत होता, त्यामुळे जुन्या प्रवासपुस्तकांतील आखणी आता निरुपयोगी ठरली आहे. तरीही ओर्से, ओरांजरी, पिकासो संग्रहालय आणि पॅरिस शहराचे आधुनिक कला संग्रहालय ही चार ठिकाणे याच क्रमाने पाहिली, तर १८५० ते १९५० या शंभर वर्षांची कथा बरीचशी हाती लागते. आम्ही हाच क्रम ठेवला होता आणि पुढे जाणाऱ्यांनाही तोच सुचवतो.

आणखी एक सूचना आरंभीच करावीशी वाटते. कोणती शैली कोणत्या शैलीनंतर आली, हे पुस्तकांतून घरबसल्या वाचता येते. संग्रहालयात उभे राहून वाचण्यासारखा इतिहास मात्र वेगळा असतो आणि तो चित्राशेजारच्या नामपट्टीच्या शेवटच्या ओळीत दडलेला असतो. चित्र सरकारकडे केव्हा आणि कोणत्या मार्गाने आले, म्हणजे ते विकत घेतले, देणगी मिळाले, मृत्युपत्राने आले की करापोटी मिळाले, याची नोंद तेथे असते. ही ओळ बहुधा फ्रेंचमध्येच असते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून देणारे ॲप आधीच उतरवून घेतले की काम भागते. ही सवय लागली, की आज ज्या चित्रांपुढे गर्दी उसळते त्यांपैकी किती थोडी चित्रे सरकारने आपणहून वेळेवर घेतली होती, हे पाहून आश्चर्य वाटत राहते.

ओर्से संग्रहालयाची इमारत मुळात रेल्वेस्थानक आहे. १९००च्या जागतिक प्रदर्शनासाठी व्हिक्तोर लालू या वास्तुकाराने ते उभारले. परंतु पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडू लागले आणि १९३९पर्यंत तेथे केवळ उपनगरी वाहतूक उरली. ते पाडून हॉटेल बांधण्याचा बेतही झाला होता. तो बारगळला आणि डिसेंबर १९८६मध्ये तेथे १८४८ ते १९१४ या काळातील कलेचे संग्रहालय सुरू झाले. बहुतेक प्रवासी दारातून थेट पाचव्या मजल्यावर, मोने आणि रन्वार या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट), म्हणजे क्षणाचा उजेड आणि रंग टिपणाऱ्या चित्रकारांकडे धावतात. असे करू नये. तळमजल्यावर निदान एक तास द्यावा, कारण या चित्रकारांचे बंड कोणाविरुद्ध होते हे तेथे कळते.

तळमजल्यावर आलेक्सांद्र काबानेलचे ‘व्हीनसचा जन्म’ हे चित्र आहे. गुळगुळीत, गोड आणि निर्दोष अशा या चित्राकडे पाहताना मला कंटाळा आला, हे मोकळेपणाने सांगतो. पण त्याची नामपट्टी अवश्य वाचावी. १८६३च्या सालाँमध्ये, म्हणजे ललित कला अकादमीच्या वळणाच्या परीक्षकांनी निवडलेल्या सरकारी प्रदर्शनात, ते मांडले गेले आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते तेथेच विकत घेतले. त्याच वर्षी परीक्षकांनी इतकी चित्रे नाकारली, की ओरड झाल्यावर सम्राटालाच नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवू द्यावे लागले. एदुआर मानेचे ‘गवतावरील भोजन’ लोकांनी प्रथम पाहिले ते तेथे, आणि पाहून त्याची टिंगल केली. हेही चित्र ओर्सेमध्येच आहे. त्याच्या नामपट्टीवर एत्येन मोरो-नेलातों या संग्राहकाची देणगी आणि १९०६ हे वर्ष आढळते. एकाच वर्षी लोकांपुढे आलेल्या या दोन चित्रांपैकी एक तत्काळ राजदरबारी गेले आणि दुसऱ्याला राष्ट्राच्या संग्रहात यायला त्रेचाळीस वर्षे लागली. तोपर्यंत मानेला जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

मानेच्या ‘ऑलिम्पिया’ची कथा याहून रंजक आहे. १८६५च्या सालाँमध्ये लोक या चित्रावर इतके खवळले, की ते उंचावर, हात पोहोचणार नाही अशा जागी हलवावे लागले. मानेच्या मृत्यूनंतर ते अमेरिकेला विकले जाईल, अशी भीती निर्माण झाली, तेव्हा मोनेने पुढाकार घेऊन वर्गणी गोळा केली. सुमारे वीस हजार फ्रँक जमले, चित्र मानेच्या पत्नीकडून घेऊन १८९०मध्ये सरकारला अर्पण केले गेले आणि तेही सरकारने काही कुरकुरीनंतरच स्वीकारले. ते प्रथम जिवंत चित्रकारांसाठी असलेल्या लुक्सांबूर संग्रहालयात गेले. लुव्रमध्ये त्याला जागा मिळाली ती १९०७मध्ये, मोनेचा मित्र क्लेमांसो पंतप्रधान असताना. ओर्सेमधील नामपट्टीवर या वर्गणीचा उल्लेख आहे. आपल्याकडे गावोगावी वर्गणीतून देऊळ उभे राहते, तसे हे वर्गणीतून राष्ट्राच्या पदरात पडलेले चित्र आहे.

पाचव्या मजल्यावर एक नाव पुनःपुन्हा भेटते, ते गुस्ताव्ह कैबोत याचे. हा स्वतः उत्तम चित्रकार. फरशी तासणाऱ्या कामगारांचे त्याचे चित्र ओर्सेमध्येच आहे. घरची श्रीमंती असल्यामुळे तो मित्रांची चित्रे विकत घेई, वेळप्रसंगी त्यांची भाडीही भरी. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच, १८७६मध्ये, त्याने मृत्युपत्र करून आपला संग्रह सरकारला दिला आणि अट अशी घातली, की चित्रे माळ्यावर किंवा आडगावच्या संग्रहालयात न टाकता आधी लुक्सांबूरमध्ये आणि नंतर लुव्रमध्ये लावावीत. १८९४मध्ये तो वारला, तेव्हा साठाहून अधिक चित्रे सरकारच्या दारात आली. अकादमीतील जेरोमसारख्या वजनदार चित्रकारांनी आकांडतांडव केले. मृत्युपत्राची अंमलबजावणी रन्वारकडे होती. दीर्घ वाटाघाटींनंतर सरकारने सुमारे चाळीस चित्रे घेतली आणि ती १८९७मध्ये लुक्सांबूरमध्ये लागली. रन्वारचे ‘मुलँ द ला गालेत येथील नृत्य’ त्यांपैकीच आहे. उरलेली चित्रे नंतरही नाकारण्यात आली. सेझानचे ‘विसावलेले स्नानार्थी’ हे त्यांतले एक चित्र आज फिलाडेल्फियातील बार्न्स संग्रहात आहे. दृक्प्रत्ययवादी चित्रांवर आज फ्रान्सला जो अभिमान आहे, त्याचा पाया एका तरुणाच्या मृत्युपत्राने घातला, हे लक्षात ठेवूनच या मजल्यावरून फिरावे.

आता व्यवहाराचे. ओर्से सोमवारी बंद असते आणि गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडे असते. गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर जावे, गर्दी बरीच ओसरलेली असते. तिकीट वेळ नोंदवून संकेतस्थळावरूनच काढावे. दर बदलत असल्याने ते येथे देत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असला, तरी त्यासाठीही आगाऊ नोंदणी लागते, आणि त्या दिवशीची गर्दी पाहता पैसे देऊन दुसऱ्या दिवशी गेलेले बरे. अठरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. फ्लॅश न वापरता छायाचित्रे काढता येतात, परंतु पाचव्या मजल्यावरील मोठ्या घड्याळापाशी छायाचित्रासाठी लागणाऱ्या रांगेत वेळ दवडू नये.

ओर्सेसमोरील पादचारी पुलावरून सेन नदी ओलांडली, की त्विलरी बागेतून डावीकडे चालत पंधरा मिनिटांत ओरांजरी येते. बागेच्या आसपास कागद पुढे करून सही मागणाऱ्या टोळक्यांपासून सावध राहावे. सही करताना खिसा हलका होतो. ओरांजरी मंगळवारी बंद असते, त्यामुळे दोन्ही संग्रहालये एकाच दिवशी करायची असतील, तर सोमवार आणि मंगळवार दोन्ही टाळावेत. मात्र दोन दिवस काढता आले तर जरूर काढावेत. ओर्सेनंतर थकलेल्या डोळ्यांनी ओरांजरीतील मोनेच्या कमळांच्या चित्रांसमोर उभे राहण्यात अर्थ नाही.

पहिले महायुद्ध थांबले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, मोनेने क्लेमांसोला पत्र लिहून आपली दोन चित्रे राष्ट्राला देऊ केली. त्या देणगीचा विस्तार होत होत आठ प्रचंड रचना तयार झाल्या आणि त्यांच्यासाठी दोन लंबवर्तुळाकार दालने सिद्ध झाली. मोनेला मोतीबिंदू झाला होता. शिवाय काम हातावेगळे करायला तो तयार नव्हता, आणि म्हातारा क्लेमांसो त्याच्यामागे सतत तगादा लावत होता. डिसेंबर १९२६मध्ये मोने वारला आणि मे १९२७मध्ये दालने उघडली. गंमत अशी, की तोवर काळ पुढे सरकला होता आणि या चित्रांकडे फारसे कोणी फिरकेना. १९६०च्या दशकात तर दुसरा एक संग्रह ठेवण्यासाठी वर मजला चढवून दालनांचा नैसर्गिक उजेडच बंद केला गेला. २००६मध्ये संपलेल्या नूतनीकरणात तो मजला काढून टाकण्यात आला आणि छतातून पुन्हा आकाशाचा प्रकाश आत आला. म्हणून येथे सकाळी उघडण्याच्या वेळी आणि शक्यतो स्वच्छ उजेडाच्या दिवशी जावे. दालनाच्या मध्यभागी बाक आहेत. तेथे बसून एकेक भिंत पाहावी आणि मग अगदी जवळ जाऊन रंगाचे थर पाहावेत. तळघरात व्यापारी पॉल गियोम याचा संग्रह आहे, त्यातील सूतीनची चित्रे चुकवू नयेत.

पिकासो संग्रहालय मारे भागात, सतराव्या शतकात मिठावरील कराच्या वसुलीतून गबर झालेल्या एका अधिकाऱ्याच्या हवेलीत आहे, आणि योगायोग असा, की संग्रहालयही करातूनच उभे राहिले. वारसाकर पैशांऐवजी कलाकृतींच्या रूपाने भरण्याची मुभा देणारा कायदा फ्रान्सने १९६८मध्ये केला. १९७३मध्ये पिकासो वारल्यावर वारसांनी दोनशेहून अधिक चित्रे आणि असंख्य शिल्पे, रेखाटने सरकारला दिली, आणि १९८५मध्ये संग्रहालय उघडले. विणलेल्या खुर्चीच्या बैठकीची छपाई असलेला मेणकापडाचा तुकडा चिकटवून केलेले १९१२चे स्थिरचित्र येथे शोधावे. मांडणी वारंवार बदलत असल्याने ते भिंतीवर आहे का, हे आधी पाहून घ्यावे. वस्तू भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्या घनवादाची नांदी मानले जाणारे ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ हे चित्र मात्र येथे नाही. १९०७मध्ये ते मोंमार्त्र टेकडीवर रंगवले गेले, परंतु १९३९मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते मिळवले. हे संग्रहालयही सोमवारी बंद असते. शाकाहारी मंडळींसाठी सांगायचे तर रोझिए गल्लीतील फलाफेलची दुकाने येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शनिवारी ज्यू साबाथमुळे त्यांतील अनेक बंद असतात.

पॅरिस शहराच्या आधुनिक कला संग्रहालयातील कायमचा संग्रह विनामूल्य आहे आणि तरीही प्रवासी तिकडे कमी वळतात. मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गावरील इएना स्थानकावर उतरावे. राऊल द्युफीने १९३७च्या प्रदर्शनासाठी विजेच्या शोधावर केलेले सहाशे चौरस मीटरचे चित्र आणि मातीसची ‘नृत्य’ ही विशाल चित्रे, एवढ्यासाठी तास-दीड तास पुरेसा होतो. मातीसला हे काम देणारा ग्राहक म्हणजे कैबोतची नाकारलेली सेझानकृती ज्याच्याकडे गेली तोच बार्न्स. मापात चूक झाल्याने त्याच्यासाठी मातीसला पुन्हा नवे चित्र करावे लागले आणि आधीचे पुढे पॅरिसला आले.

मराठी वाचकांपैकी अनेकांना पॅरिसमध्ये सय्यद हैदर रझा यांची चित्रे पाहण्याची इच्छा असेल. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले आणि सूझा, हुसेन, आरा यांच्यासह १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणारे रझा १९५०मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर तेथे गेले, आणि सेझान नीट अभ्यासा, हा छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसों यांचा सल्ला त्यांच्या गाठीशी होता. २०२३मध्ये पॉम्पिदू केंद्रात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. सध्या ते केंद्र बंद असल्याने तेथील चित्रे फ्रान्समध्ये आणि बाहेर इतर संग्रहालयांत पाठवली जातात, आणि काही प्रदर्शने पॅरिसच्या ग्राँ पाले या प्रदर्शनगृहात भरतात. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी पॉम्पिदूच्या संकेतस्थळावरील कार्यक्रम पाहून तारखा ठरवाव्यात.