कॅसेट डेकची सफाई : फोमची काडी की कापसाची?

डेकचे जुने बेल्ट बदलून झाले, मोटरचा वेग जुळवून झाला आणि आता काम टेपमार्गाच्या, म्हणजे टेप ज्या भागांना घासत सरकते त्यांच्या, सफाईपर्यंत आले आहे. दोन हेडांचा हा जपानी डेक बरीच वर्षे माळ्यावर पडून होता, त्यामुळे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडच्या तोंडावर, टेप पुढे ओढणाऱ्या कॅपस्टनच्या दांड्यावर आणि टेप त्या दांड्यावर दाबून धरणाऱ्या पिंच रोलरच्या रबरावर तपकिरी राप घट्ट बसला होता. हा राप म्हणजे मुख्यतः टेपवरून सुटलेले लोहाचे ऑक्साइड आणि ते टेपला धरून ठेवणारा बाइंडर. तो कापसाच्या काडीने काढावा की फोमच्या, हा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटतो. माझ्या मते हेडच्या बाबतीत तरी तो किरकोळ नाही.

कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. या वेगाला दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची टेपवरील तरंगलांबी ४.७६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दोनशेवा भाग होते. टेप हेडपासून एका तरंगलांबीइतकी दूर गेली, तर वाचलेला आवाज सुमारे ५५ डेसिबलने घटतो. या हिशेबाने केवळ एक मायक्रॉन जाडीचा थर दहा हजार हर्ट्झचा आवाज साडेअकरा डेसिबलने खाली आणतो, तर एक हजार हर्ट्झला तोच थर एखादा डेसिबलच खातो. म्हणूनच राप बसलेल्या डेकवर भजनाची कॅसेट लावली, तर बुवांचे शब्द नीट कळतात, पण टाळांची खणखण गोधडीखालून आल्यासारखी येते. कापसाचा एक तंतू साधारण पंधरा मायक्रॉन जाडीचा असतो. तो हेड आणि टेप यांच्यामध्ये अडकला, तर सफाईने जे मिळवायचे तेच हातचे जाते.

तरीही कापसाला सरसकट बाद ठरवणे मला पटत नाही. कापूस सफाईचा द्रव, म्हणजे अल्कोहोल, शोषून धरतो, दाबला तरी पटकन ठिबकत नाही आणि त्याचे तंतू घट्ट राप खरवडून उचलतात. अडचण आहे ती आपण घरात कानासाठी आणतो त्या काड्यांची. त्यांचा बोळा सैल गुंडाळलेला असतो, आणि तो काडीला चिकटवण्यासाठी गोंद वापरला असेल, तर अल्कोहोलमध्ये तो थोडाफार सुटू शकतो. शिवाय १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या दांडीच्या अशा काड्यांवर देशभर बंदी आहे, त्यामुळे दुकानात आता कागदाच्या किंवा बांबूच्या दांडीच्या काड्या मिळतात. कागदाची दांडी भिजली की मऊ पडते आणि हेडवर जरा जोर द्यावा तर मधूनच वाकते. बांबूची दांडी टिकते, परंतु तिचे टोक बोळ्यातून बाहेर डोकावत नाही ना, हे दरवेळी बोटाने चाचपून पाहावे. लांब लाकडी दांडीची, टोकाला घट्ट आणि निमुळता बोळा असलेली काडी मिळाली, तर ती या सर्वांपेक्षा कितीतरी बरी.

फोमची काडी बहुधा पॉलियुरेथेनच्या उघड्या छिद्रांच्या फोमची असते. चांगल्या काडीत फोम दांडीवर उष्णतेने जोडलेला असतो, गोंद वापरलेला नसतो. तिचे तंतू सुटत नाहीत, कारण तिला तंतूच नसतात, आणि सुटलेले कण तिच्या छिद्रांत अडकून राहतात. मात्र ती भरपूर द्रव पिते आणि दाबताच तो सारा एकदम सोडते. कॅपस्टनचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगजवळ असे झाले, तर अल्कोहोल आतले तेल धुऊन नेऊ शकते. म्हणून काडी बुडवल्यावर ती बाटलीच्या कडेला दाबून निथळून घ्यावी. फोमचा दुसरा शत्रू म्हणजे धारदार कडा. हेडच्या बाजूला टेप सरळ ठेवणारे जे चिमट्यासारखे गाइड असते, त्याच्या कडांवर फोम फाटतो आणि त्याचा बारीकसा तुकडा नेमका टेपच्या वाटेत बसतो. फोम जुना झाला, तर हा धोका वाढतो, कारण दमट हवेत काही प्रकारच्या पॉलियुरेथेनचे विघटन होते. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या मागच्या झाकणातील फोम कसा चिकट होऊन बोटांना लागतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मुंबई-कोकणच्या हवेत फोमच्या काड्या बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवाव्यात आणि वापरण्यापूर्वी चिमटीत चुरडून पाहाव्यात.

कोणत्याही नव्या पाकिटाची मी आधी परीक्षा घेतो. एक काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून तिचा एक थेंब स्वच्छ आरशावर पाडावा आणि तो वाळू द्यावा. काठाला पांढुरके कडे उमटले, तर काडीतून काहीतरी सुटत आहे, असे समजावे. तोच प्रयोग नुसत्या अल्कोहोलच्या थेंबानेही करून पाहावा, नाहीतर दोष द्रवाचा आणि बदनामी काडीची, असे व्हायचे. अल्कोहोल ९९ टक्क्यांचे घ्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचे सामान विकणाऱ्या दुकानांत त्याच्या बाटल्या मिळतात. हँड सॅनिटायझर अजिबात वापरू नये, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते हेडवर पातळ थर ठेवून जाते. अ‍ॅसिटोनने फोम फुगतो आणि एबीएस प्लॅस्टिक विरघळते, तेव्हा त्याचा विचारही नको.

या डेकवर शेवटी मी दोन्ही काड्या वापरल्या, पण जागा वाटून. हेडवरचा मुख्य राप निमुळत्या कापसाच्या काडीने, टेप धावते त्याच दिशेने आणि आडवा जोर न देता उतरवला. पहिल्या काडीचे टोक चहाच्या रंगाचे झाले, त्यानंतरच्या काड्या फिकट होत गेल्या. बोळा पांढरा राहू लागल्यावरच फोमची नवी काडी घेऊन हेडचे तोंड शेवटचे पुसले आणि विजेरीच्या तिरप्या उजेडात तंतू राहिला नाही ना, हे भिंगाने पाहिले. गाइडच्या कडांना फोम लावलाच नाही. तेथे कापूस वापरून मागे उरलेले तंतू ब्लोअरने उडवले.

कॅपस्टनला मात्र माझे मत स्पष्टपणे फोमच्या बाजूचे आहे. दांडा फिरता ठेवून साफ करणे सोयीचे असते, आणि फिरत्या दांड्याला कापूस लावला की सुटलेला तंतू त्याच्याभोवती गुंडाळला जाऊन खालच्या बेअरिंगपाशी जाऊन बसतो. पिंच रोलर दांड्याला टेकलेला असेल, तर काडी नेहमी टेप जिथून बाहेर पडते त्या बाजूला धरावी. आत शिरण्याच्या बाजूला धरली, तर दोघे मिळून तिला ओढून घेतात. पिंच रोलरच्या रबरासाठी मी साबणाचे सौम्य पाणी आणि नंतर साधे पाणी वापरतो, कारण वारंवारच्या अल्कोहोलने जुने रबर कडक होण्याची मला धास्ती वाटते. अनेक जाणकार तेथेही बिनदिक्कत अल्कोहोलच वापरतात. या कामाला कापूस पुरतो, कारण काळ्या रबरावर पांढरा तंतू चटकन दिसतो आणि चिमट्याने उचलता येतो.

विणलेल्या पॉलिएस्टरच्या काड्या हा तिसरा पर्याय आहे. त्यांचे तंतू फारसे सुटत नाहीत आणि त्या कडांवर फाटतही नाहीत, पण किंमत पाहता त्या मी फक्त हेडसाठी मागवणार आहे. सफाईनंतर भजनाची तीच कॅसेट लावली तेव्हा उजव्या वाहिनीतले टाळ मोकळे झाले. डाव्या वाहिनीत अजून किंचित मंदपणा आहे. भिंगातून हेडचे तोंड स्वच्छ दिसत असल्यामुळे आता अझिमथच्या, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन जुळवणाऱ्या, स्क्रूला हात लावण्याआधी हेड डीमॅग्नेटाइझ करून, म्हणजे त्यात साचलेले चुंबकत्व काढून, पाहणार आहे.