लिंक काढली, फाइल तिथेच

माझ्या पुस्तकाची पीडीएफ एका फाइल-होस्टिंग साइटवर फुकट डाउनलोड होतेय, असं एका वाचकाने कळवलं. स्कॅन केलेली प्रत होती, तिसऱ्या प्रकरणात कुणीतरी पेन्सिलने रेघाही मारलेल्या. मी कंपनीला मेल केला, तर टेकडाउन नोटीस, म्हणजे फाइल काढून टाकण्याची मागणी, रीतसर पाठवा असं उत्तर आलं.

नोटिशीत पुस्तकाचं नाव, सही, हक्क माझेच असल्याचं शपथेवरचं विधान आणि फाइलची नेमकी लिंक द्यावी लागते. ही पद्धत अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यातली. लोकांनी काय अपलोड केलं याचा दोष त्यात कंपनीवर आपोआप येत नाही. मात्र तक्रार आली की फाइल लगेच काढायची आणि पुन्हापुन्हा तेच करणाऱ्याचं खातं बंद करायचं. अपलोड करणाऱ्यालाही उलट हरकत घेता येते.

यातला पहिला भाग मला पटतो. लोक तिथे स्वतःचे फोटो, ऑफिसची कागदपत्रं, बॅकअप ठेवतात. ते सगळं कंपनीने उघडून वाचावं असं मी कधीच म्हणणार नाही. शिवाय परवानगी मी दिलीय की नाही, हे नुसती फाइल बघून कुणाला कळणार?

लिंक लवकरच बंद झाली. आणि काही दिवसांत तीच पीडीएफ दुसऱ्या लिंकवर हजर! आकार तोच, रेघाही त्याच.

फक्त लिंक काढली की कंपनीचं काम संपलं, हे मात्र मला मान्य नव्हतं. प्रत्येक फाइलचा हॅश काढता येतो, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने तयार होणारी ओळख. फाइल जशीच्या तशी परत आली तर न वाचताही ती ओळखू येते. जागा वाचवायला अनेक सेवा एकसारख्या फाइलींची एकच प्रत ठेवतात आणि तिच्यावर कितीतरी लिंक देतात. २०१२ मध्ये मेगाअपलोड या फाइल-होस्टिंग साइटवर खटला भरला गेला तेव्हा एक आरोप हाच होता: तक्रारीनंतर लिंक तोडली, फाइल तशीच ठेवली. २०१३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने हॉटफाइल या तशाच साइटला कायद्याचं संरक्षण नाकारलं, कारण तक्रारींवर तक्रारी आलेली खाती तिने चालूच ठेवली होती.

हे सगळं मी दुसऱ्या नोटिशीत लिहिलं आणि दोन मागण्या केल्या: हॅशवरून फाइल अडवा, खातं तपासा. उत्तराला वेळ लागला, पण एका माणसाने स्वतः लिहिलेलं उत्तर आलं. खातं बंद झालं, आणि ती फाइल त्या साइटवर पुन्हा दिसली नाही.

एक पान बदललं तरी हॅश बदलतो, हे खरं. परवाच दुसऱ्या साइटवर वेगळं स्कॅन सापडलं. या वेळी हॅशची मागणी पहिल्याच नोटिशीत घातली आहे.