मिस्टर एनला नाव का नाही?

होशी शिनइची या जपानी विज्ञानकथाकाराच्या लघुतम कथांमध्ये फोन असतो, पण डायल कोणी फिरवत नाही. आधी फिरवायचे. पुढे बटणांचे फोन आले, तेव्हा होशींनी नव्या आवृत्त्यांसाठी आपल्या जुन्या कथा पुन्हा हातात घेतल्या आणि जिथे जिथे 'डायल फिरवला' होतं तिथे 'फोन लावला' करून टाकलं. एकदा छापलं की बहुतेक लेखक त्याकडे वळून बघत नाहीत. होशी मात्र कथेला गंज कुठे चढेल ते शोधत बसायचे.

हा माणूस साहित्याच्या वर्तुळातून आलेला नव्हता. जन्म 6 सप्टेंबर 1926, टोकियो. आजी कोगानेई किमिको ही विख्यात लेखक मोरी ओगाई यांची बहीण, पण घरात खरा दबदबा वडिलांचा. होशी हाजिमे यांनी अमेरिकेत शिकून येऊन औषधांची मोठी कंपनी उभी केली होती. 1918 मध्ये त्यांनी स्वतःच्या नावावर एक भविष्यकथाही काढली होती, म्हणजे विज्ञानकथा घरात आधीच शिरलेली. पुढे अफूच्या प्रकरणात त्यांच्यावर खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले, पण धंद्याची घडी विस्कटली ती विस्कटलीच. मुलगा टोकियो विद्यापीठात कृषिरसायन शिकून बुरशीवर संशोधन करत होता. 1951 च्या जानेवारीत वडील लॉस एंजेलिसला अचानक गेले आणि कर्जात बुडालेली कंपनी पंचविशीच्या आतच त्याच्या गळ्यात पडली. देणेकऱ्यांना तोंड देता देता अखेर ती दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागली. वडिलांची ती सगळी लढाई त्यांनी 1967 मध्ये पुस्तकात मांडली. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ साधारण असा: जनता दुबळी, अधिकारी बलदंड.

त्या पडत्या काळात ते उडत्या तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळात जाऊ लागले. तिथे शिबानो ताकुमी भेटले. शिबानोंनी 1957 मध्ये 'उचूजिन' हे हौशी विज्ञानकथांचं नियतकालिक सुरू केलं. त्यातली होशींची कथा रहस्यकथांचे दादा लेखक एदोगावा रान्पो यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी ती 'होसेकी' मासिकात पुन्हा छापली. होशींची लेखक म्हणून सुरुवात ती हीच.

1958 ची 'बोक्को-चान' ही कथा होशींची कारागिरी समजून घ्यायला सगळ्यात सोयीची. एका बारचा मालक हौसेखातर एक सुंदर यंत्रबाई बनवतो. तिला दोनच कामं येतात: दारू पिणं आणि समोरच्याचं बोलणं थोडं फिरवून परत देणं. 'छान कपडे घातलेस.' 'छान कपडे घातलेत ना.' गिऱ्हाइकांना हे पुरतं. तिने प्यायलेली दारू नळीवाटे खाली जमते आणि मालक ती काढून पुन्हा गिऱ्हाइकांना पाजतो. हे होशी अगदी सुरुवातीला, मालकाच्या कंजूषपणाचा नमुना म्हणून सहज सांगून टाकतात. पुढे प्रेमात वेडा झालेला एक तरुण तिला विचारतो, 'मारून टाकू का तुला?' उत्तर येतं, 'मारून टाक मला.' तो तिच्या पेल्यात विष घालून निघून जातो. मग मालक नळीतली दारू काढतो आणि त्या रात्री सगळ्यांना फुकट पाजतो. स्वतःही घेतो. शेवटी दिवे जळत असतात, रेडिओ चालू असतो, आणि बोक्को-चान पुढचं कोण बोलतंय याची वाट पाहत बसलेली असते.

नक्कल करणारे इथेच फसतात. त्यांना वाटतं, शेवटच्या ओळीत धक्का दिला की झाली लघुतम कथा. पण इथला धक्का नळीत आहे आणि नळी पहिल्याच पानावर. शेवट वाचून झाल्यावर मागे जाऊन बोट ठेवता येईल अशी वस्तू आधी ठेवलेली नसेल, तर तो धक्का नुसता विनोद होतो.

जपानी लेखक तेव्हा 400 चौकोनांच्या कागदावर लिहीत, एका चौकोनात एक अक्षर. होशींच्या कथा सहसा अशा दहा ते वीस कागदांत आटोपतात. कच्चा खर्डा मुंगीएवढ्या अक्षरांत, मग चौकोनांवर पक्की प्रत. कल्पना सुचण्याबद्दल त्यांचं म्हणणं असं की एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन गोष्टी शेजारी आणून बसवायच्या. चिटोऱ्यांवर टिपून ठेवायचं, चिटोरे पसरायचे, जोड्या लावून बघायच्या. बहुतेक जोड्या टाकाऊच निघतात.

मग काय काय वगळायचं? चालू घडामोडी नकोत, शृंगाराची वर्णनं नकोत, दोन वर्षांत शिळे होणारे शब्द नकोत. रकमेचा आकडाही नको, कारण महागाई तो हास्यास्पद करून सोडते. 'दोनदा शाही जेवण होईल एवढे पैसे' असं लिहिलं की काम भागतं. आणि नायकाला नाव नको. नावाबरोबर वय, गाव, घराणं सगळंच चिकटून येतं. म्हणून 'एन-शी', म्हणजे मिस्टर एन. तोही रोमन अक्षरात नाही, जपानी लिपीतच, कारण उभ्या जपानी मजकुरात रोमन अक्षर डोळ्यांत खुपतं. आपल्याकडच्या 'क्ष'सारखाच हा प्रकार, फक्त त्याला बीजगणिताचा वास नाही.

एवढं वगळून उरतं काय, हे पाहायचं तर 1970 चं 'कोए नो आमी', म्हणजे आवाजाचं जाळं, वाचावं. बारा मजल्यांची एक इमारत, बारा प्रकरणं, बारा महिने. फोनच्या तारांना जोडलेले संगणक लोकांची गुपितं साठवत जातात आणि हळूहळू त्यांनाच नाचवू लागतात. तंत्राचा तपशील जवळजवळ नाहीच, म्हणून आजही ते कुठे अडखळत नाही.

नाओकी या जपानमधल्या मानाच्या साहित्य पारितोषिकासाठी त्यांचं नाव गेलं होतं, मिळालं नाही. 1968 मध्ये जपानच्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेचं पारितोषिक मिळालं. 30 डिसेंबर 1997 ला ते गेले. 2013 पासून त्यांच्या नावाने एक स्पर्धा भरते आणि तिथे यंत्रांनाही, म्हणजे संगणकाने लिहिलेल्याही, कथा पाठवायची मुभा आहे. 2016 मध्ये सुमारे 1,450 कथांपैकी 11 यंत्राच्या मदतीने लिहिलेल्या होत्या आणि त्यातली निदान एक पहिल्या चाळणीतून पुढे गेली. अर्थात कथानकाची मांडणी माणसांनीच करून दिलेली. बोक्को-चानच्या जनकाच्या नावाने हे व्हावं, हे ठीकच.

1,001 कथा पुऱ्या करायच्या असं होशींनी ठरवलं होतं आणि 1983 मध्ये ते जमलं. त्या सुमारास लिहिलेल्या कथा त्यांनी एकाच वेळी वेगवेगळ्या मासिकांना वाटून टाकल्या, कोणा एका संपादकाला मान जाऊ नये म्हणून. त्यामुळे एक हजार एकावी कथा नेमकी कोणती, ते दाखवता येत नाही.