आमची वाटचाल : वॉरंटीतली गाडी बाहेर करायची का?

"गाडी बाहेर केली की वॉरंटी जाते." म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी आमच्यासारख्या स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं की वॉरंटी रद्द होते. गॅरेज सुरू केल्यापासून हे वाक्य आम्ही जितक्या वेळा ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. एखाद्याची जुनी गाडी वर्षानुवर्षं आमच्याकडे येत असायची, आमच्या कामावर त्याचा पूर्ण भरवसा असायचा, पण नवी गाडी घेतली की तिचं बोनेट आमच्यासमोर उघडायला तोच माणूस कचरायचा. त्यामुळे सुरुवातीची वर्षं आमचा धंदा वॉरंटी संपलेल्या गाड्यांवरच चालला. आज आमच्या लिफ्टवर वॉरंटीतल्या गाड्याही असतात. आणि वॉरंटीतल्याच काही गाड्या आम्ही आपण होऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो. हे दोन्ही कसं जमत गेलं, ते इथे मांडतो आहे.

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही आधी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होतो. मी फ्लोअरवर मेकॅनिक, तो काउंटरवर अॅडव्हायझर. तिथे शिकायला मिळालं ते मोलाचं होतं. कंपनीचं ट्रेनिंग, मॉडेलप्रमाणे स्पेशल टूल, कारखान्याकडून येणारी टेक्निकल बुलेटिन, हे सगळं बाहेरच्या गॅरेजला सहजासहजी मिळत नाही. पण प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो आणि तो पाळावाच लागतो. गाडी कुणाच्या हाताखाली गेली हे मालकाला कधी कळत नाही. शेड्यूलमध्ये नसलेली इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंगसारखी कामं काउंटरवरून सुचवली जातात, आणि वॉरंटीच्या धास्तीने माणूस मान डोलावतो. आम्हाला गाडीच्या मालकाशी थेट बोलून काम करायचं होतं, म्हणून बाहेर पडलो.

पहिलं काम केलं ते वॉरंटी बुकलेट नीट वाचण्याचं. ते गाडीबरोबर मिळतं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात तसंच पडून राहतं. त्यात कंपनी वचन देते ते एवढंच, की मालात किंवा जोडणीत दोष निघाला तर तो ठरलेल्या मुदतीत फुकट दुरुस्त करून देऊ. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर अशा झिजणाऱ्या वस्तू बहुतेक त्यात धरलेल्या नसतात. त्या बदल्यात मालकाने वेळेवर सर्व्हिसिंग करायचं आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं ऑइल व पार्ट वापरायचे.

सर्व्हिसिंग कुणाकडून, हा मुद्दा बऱ्याच देशांत कायद्याने हाताळला आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने कंपनीला अशी अट घालता येत नाही, की वॉरंटी टिकवायची तर आमच्याच नावाचा पार्ट घ्या किंवा आमच्याकडेच सर्व्हिस करा. कंपनी तो पार्ट किंवा ती सेवा फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघात वाहनक्षेत्रासाठी २००२ आणि २०१० मध्ये आलेल्या स्पर्धा नियमांचा रोखही तोच आहे. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला. त्या आदेशात सरळ म्हटलं होतं, की स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट नको. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. ते प्रकरण पुढे अपिलांत गेलं. प्रत्येक देशातली स्थिती निराळी आहे, म्हणून ग्राहकाला आम्ही आधी त्याचं बुकलेट उघडायला लावतो आणि त्यातल्या अटी त्याच्यासमोर बसून वाचतो.

पण कायदा आपल्या बाजूने असणं वेगळं आणि क्लेमच्या दिवशी काउंटरवर उभं राहणं वेगळं. तिथे विचारतात, कुठलं ऑइल टाकलं होतं? कधी? फिल्टर कोणता? त्याला जर उत्तर "आमच्या ओळखीचा मेकॅनिक आहे, चांगलं काम करतो" असं असेल, तर तो माणूस हरलाच. चांगलं काम करणारी कितीतरी गॅरेज इथेच मार खातात. हातात कसब असतं, पण कागदावर "सर्व्हिसिंग केले" एवढी एकच ओळ.

आमच्या धंद्याला खरं वळण मिळालं ते जॉब कार्डामुळे. माझ्या बायकोने ते बसवलं. ती आधी हिशेब बघायची, आता सगळी नोंद तिच्याकडे आहे. तारीख, किलोमीटर, चासी नंबर, ऑइलचा ग्रेड आणि त्याचं अप्रूव्हल (म्हणजे ते कोणत्या मानकाला किंवा गाडी कंपनीला मान्य आहे), किती लिटर गेलं, फिल्टरचा पार्ट नंबर, ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाकला की नाही, प्लग किती टॉर्कला, म्हणजे किती जोराने, आवळला, हे सगळं त्यावर असतं. ऑइलच्या कॅनचं लेबल आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो त्याला जोडतो. काढलेला पार्ट मालकाला दाखवल्याशिवाय टाकत नाही. पहिल्यांदा पोरं कुरकुरली, कारण गाडीखालून बाहेर यायचं, हात पुसायचे आणि मग लिहायचं. आता लिहिल्याशिवाय गाडी लिफ्टवरून खाली येत नाही.

ऑइलचं उदाहरण देतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. दोन कॅन शेजारी ठेवा, दोन्हींवर ५डब्ल्यू-३० हा पातळपणाचा ग्रेड लिहिलेला. मागची बाजू वाचली तर एकावर एसीईए (युरोपातल्या वाहन कंपन्यांची संघटना) च्या मानकातला सी३ आणि दुसऱ्यावर ए३/बी४. पातळपणा सारखाच, पण सी३ मध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेली असते, ए३/बी४ मध्ये ती जास्त चालते. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या डिझेल गाडीत हा फरक फार महाग पडतो. फिल्टरमध्ये साठलेली काजळी रीजनरेशनच्या वेळी, म्हणजे फिल्टर तापवून साफ केला जातो तेव्हा, जळून जाते. ऑइलमधून आलेली राख जळत नाही, ती आतच बसून राहते. चुकीचं ऑइल टाकलेली गाडी लगेच काहीच तक्रार करत नाही. पुढे कधीतरी डीपीएफ चोक होतो, आणि तेव्हा कंपनीने क्लेम नाकारला तर तिची बाजू बरोबर असते. म्हणून आमच्या शेल्फवर "सगळ्या गाड्यांना चालतं" असं ऑइल नाही. मॅन्युअलमध्ये जे अप्रूव्हल छापलेलं आहे, तेच कॅनवर छापलेलं हवं. ते मिळायला दोन दिवस लागणार असतील तर गाडी दोन दिवसांनी घेतो.

पार्टचंही तसंच. कंपनीच्या डब्यातला फिल्टर आणि तो ज्याने बनवला त्याच्या स्वतःच्या डब्यातला फिल्टर, हे पुष्कळदा एकाच दर्जाचे असतात. पण बाजारात दिसायला हुबेहूब असा तिसराही मिळतो. त्याचा बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर चोक झाला तरी ऑइल पुढे जाऊ देणारी झडप) किती दाबाला उघडेल हे कुणी सांगू शकत नाही. वॉरंटीतल्या गाडीला तो आम्ही हात लावत नाही, आणि खरं सांगायचं तर वॉरंटीबाहेरच्या गाडीलाही नाही.

या सगळ्याचा कस लागला तो एका टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पार्टच्या) क्लेमला. आमच्या नेहमीच्या एका काकांची डिझेल गाडी, वॉरंटी अजून शिल्लक, आधीची सर्व्हिसिंग आमच्याकडे झालेली. चढावर ओढ कमी झाली आणि शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आम्ही स्कॅनर लावला, एरर कोड आणि तो कोड पडला त्या वेळचं रीडिंग छापून घेतलं, ऑइलची पातळी मोजून लिहिली आणि तिथेच थांबलो. टर्बो उघडला नाही. वॉरंटीतल्या पार्टला बाहेर पान्हा लागला की मूळ दोष काय होता हे सिद्ध करायला काही उरत नाही. काका गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे पहिलं उत्तर मिळालं, की गाडी बाहेर केली आहे, क्लेम बसणार नाही. काकांनी प्रत्येक सर्व्हिसची जॉब कार्डं, ऑइलच्या लेबलांचे फोटो आणि बिलं पुढे ठेवली. मग एकच मागणी केली: बाहेरच्या कोणत्या कामामुळे टर्बो गेला ते लेखी द्या. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. काही दिवसांनी तिथून फोन आला आणि टर्बो वॉरंटीत बदलून मिळाला.

काकांनी ही हकिगत जिथे तिथे सांगितली असावी, कारण त्यानंतर नव्या गाड्यांचे मालक चौकशीला यायला लागले. त्यांच्याशी बोलताना माझ्या लक्षात आलं, की कमी फिरणाऱ्या गाड्यांचं दुखणं वेगळंच आहे. सर्व्हिसची अट महिने किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी असते. गाडीचं रनिंगच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं, असं म्हणून लोक महिने उलटू देतात. ब्रेक ऑइल तर हवेतला ओलावा ओढून घेतं, गाडी उभी असली तरीही. बऱ्याच कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. चुकलेली तारीख कुणालाच मागे जाऊन भरून काढता येत नाही, ना सर्व्हिस सेंटरला ना आम्हाला. म्हणून आता तारखेच्या आधी आमच्याकडून फोन जातो, मग सर्व्हिस तुम्ही कुठेही करा.

आता आम्ही गाडी परत पाठवतो ती कधी, ते सांगतो.

एका ताईंची ऑटोमॅटिक गाडी कमी वेगात झटके देत होती. स्कॅनरवर एकही कोड नाही, ऑइल गळती नाही. आम्ही गिअरबॉक्स ऑइल बदलून बघू शकलो असतो आणि त्याचं बिलही झालं असतं. पण वॉरंटीतल्या गिअरबॉक्समध्ये असं लक्षण दिसलं तर सॉफ्टवेअर अपडेट आहे का हे आधी बघायला हवं, आणि ते कंपनीच्याच सिस्टीममध्ये दिसतं. लक्षणं कागदावर लिहून दिली: इंजिन गरम असताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये, हलक्या अॅक्सिलरेटरवर. तो कागद घेऊन त्या गेल्या आणि अपडेट फुकटात झाला. झटके गेले, आणि पुढच्या सर्व्हिसला त्या आमच्याकडेच आल्या.

रिकॉल असेल, म्हणजे एखाद्या दोषासाठी कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या असतील, तर सरळ कंपनीकडेच जायचं. गाडीचं सर्व्हिसिंग कुठे झालं याचा रिकॉलशी संबंध नसतो. आत खरोखर दोष दिसतो आहे आणि मुदत बाकी आहे, अशा वेळी बाहेर पैसे घालणं म्हणजे स्वतःचा हक्क सोडणं. बॉडी गंजण्याची वॉरंटी असेल तर ठरावीक काळाने अधिकृत तपासणीची अट असू शकते, ती पाळावी. गाडी घेताना सर्व्हिस पॅकेजचे पैसे आधीच भरले असतील तर ते वापरून संपवावं. एक्स्टेंडेड वॉरंटीबाबत मी सगळ्यात जास्त सावध असतो. ती मूळ वॉरंटीसारखी नसते, तो वेगळा विकत घेतलेला करार असतो, आणि पुष्कळदा त्यात फक्त अधिकृत सेंटरची अट स्पष्ट छापलेली असते. अशी अट दिसली की आम्ही ग्राहकाला सांगतो, मुदत संपेपर्यंत तिकडेच करा. शिवाय वॉरंटी नुकतीच संपल्यावर मोठा बिघाड निघाला, तर काही कंपन्या स्वखुशीने खर्चाचा वाटा उचलतात. तो हक्क नसतो. तिथे पूर्ण रेकॉर्ड अधिकृत सेंटरचं असणं उपयोगी पडतं. हा फायदा आमच्याकडे मिळत नाही, आणि तो आम्ही ग्राहकापासून लपवत नाही.

काही कामं आम्ही वॉरंटीतल्या गाडीवर करतच नाही. रिमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, नाही. वायर कापून लाइट, हॉर्न किंवा म्युझिक सिस्टीम जोडणं नाही. वायर न कापता जोडता येणारा तयार कपलर असेल तरच. वायरिंग हार्नेसला, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्याला, एक जोड मारला की पुढचा प्रत्येक इलेक्ट्रिकल दोष त्या जोडाच्या माथी मारला जातो. यावरून काही लोक रागावून गेले आहेत. जाऊ दिलं.

सध्या आमच्यापुढचा प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे. शिक्का मारायचं सर्व्हिस बुक बऱ्याच गाड्यांत राहिलेलं नाही, नोंद कंपनीच्या सर्व्हरवर होते. युरोपात स्वतंत्र गॅरेजलाही त्यात नोंद करता येते, सगळीकडे तशी सोय नाही. म्हणून आम्ही प्रत्येक जॉब कार्डाची पीडीएफ मालकाला ईमेल करतो. त्यावर तारीख आपोआप पडते. नव्या गाड्यांत सिक्युरिटी गेटवे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला लावलेलं एक कुलूप, आला आहे. कोड वाचता येतो, पण पुसायला किंवा सेटिंग बदलायला कंपनीचं ऑनलाइन लॉगिन लागतं. जिथे ते पैसे भरून मिळतं तिथे आम्ही घेतलं आहे.

इलेक्ट्रिक गाड्या आमच्याकडे टायर, ब्रेक, सस्पेन्शन आणि केबिन फिल्टरसाठी येतात. त्यांच्या बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी लांब असते, त्यामुळे मालकाची धास्तीही तेवढी लांब. भाऊ हाय-व्होल्टेजचं ट्रेनिंग घेतो आहे. ते पूर्ण होऊन इन्सुलेटेड टूल आणि वेगळी बे तयार होईपर्यंत हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला आमच्याकडे कुणी हात लावणार नाही, आणि गाडी आत घेतानाच हे आम्ही मालकाला सांगतो.